नववा अर्ज

उस्मानचाचा, तुम्ही गेलात त्याला आज सतरा दिवस झाले आणि वखार आळीत तुमचं नाव कोणी मोठ्याने घेत नाही. घेतलंच तर आवाज खाली आणून घेतात, आणि मी जवळ असले तर विषय बदलतात. तुमच्यावरचा राग माझ्यासमोर काढायचा नाही, एवढं सगळे सांभाळतात. माझ्याशी ते इतकं चांगलं वागतात की मला घाम फुटतो.

तुम्ही असता तर म्हणाला असता, "मंजू, प्रस्तावना नको. विषय काय ते लिही, मग विनंती लिही." चाळीस वर्षं तहसील कचेरीबाहेर टेबल मांडून हाताने लोकांचे अर्ज लिहिणारा माणूस तुम्ही. समोरचा रडत आला तरी आधी विषय विचारायचात आणि मग पाणी द्यायचात. तर विषय असा, की माझ्या तोंडून निघालेला एक शब्द तुमच्या अक्षरात लिहिला गेला, आणि तो तुम्ही शेवटपर्यंत आपलाच म्हणून वागवलात. विनंती काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आपली ओळख तशी जुनी. माझं लहानपण आळीच्या तोंडाशी गेलं, लग्नानंतर मी नवीन पनवेलला फ्लॅटमध्ये गेले आणि आर्किटेक्ट म्हणून पाटी लावली. आळीचं रूप परत आणायच्या योजनेचं काम हातात घेऊन मी आले, तेव्हा तुम्ही घरच्या ओट्यावर विकायच्या सुतळीचे गुंडे मांडत होतात. माझं व्हिजिटिंग कार्ड लांब धरून वाचलंत. "समन्वयक," तुम्ही म्हणालात. "म्हणजे सगळ्यांच्या शिव्या एकाच पत्त्यावर पोचायची सोय केली म्हण की."

शिव्या पोचल्याच. एका टोकाला गणपतीचं देऊळ, दुसऱ्या टोकाला दर्गा, मध्ये जैनांचं देरासर, बेने इस्रायली ज्यूंची दोन घरं आणि त्यातल्या एकाला कुलूप, आगऱ्यांची जुनी भाताची आणि मिठाची गोदामं, आणि या सगळ्यांच्या पायाशी सुकट-बोंबील घेऊन बसणाऱ्या कोळणी. एके काळी खाडीतून बंदरावर उतरलेला माल याच आळीने बाजारात जायचा. आता पळस्प्याला वाहतूक तुंबली, की न्हावा शेवा बंदराचा एखादा कंटेनर वाट चुकून मागच्या रस्त्यावर येतो आणि घराघरांत कपबश्या वाजतात. अशा सत्तावीस घरांचा मला समन्वय करायचा होता, आणि तोही नकाशे काढून.

आळीच्या समितीच्या पहिल्याच बैठकीत तुम्ही मला तोंडघशी पडताना बघितलंत. कोळणींसाठी मी देरासरापासून लांब, पूर्वेच्या बाजूला दगडी कट्टे काढले होते. देखणे होते हो कट्टे. कोळणींपैकी यमुनाबाईने कागद उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "सकालच्याला तं ठीक हाय. दुपारी आमी काय तिथं भाजायचं?" सगळी बैठक हसली. इतकी वर्षं मी त्या आळीत वावरले, पण कोळणी सकाळी एका बाजूला बसतात आणि दुपारी सावलीबरोबर पाट्या उचलून समोर जातात, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. देरासरात येणाऱ्यांची वेळ आणि कोळणी त्या बाजूला बसायची वेळ आपोआप वेगळी पडत होती, म्हणून तिथे कधी भांडण झालं नव्हतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "कागद घरी ठेव आणि आठ दिवस नुसती येऊन बस." मी तीन दिवस बसले. चौथ्या दिवशी मला कामं होती.

आनंदाचे दिवसही होते, ते नव्हते असं मी म्हणणार नाही. कापडवाले शांतीभाई आपला झगमगता फ्लेक्स उतरवायला तयार नव्हते. मी नियम दाखवले, फोटो दाखवले, शेवटी आवाज चढवला. तुम्ही त्यांना शेजारी बसवून म्हणालात, "शांतीभाई, तुमच्या आजोबांचं नाव या बोर्डामागे आहे. मी लहानपणी बघितलंय. तुम्हाला बघायचं नाही का?" फ्लेक्स उतरला आणि मागे दगडात कोरलेलं नाव निघालं, पाच वाकड्या अक्षरांचं. शांतीभाई खुर्चीवर चढून ते ओल्या फडक्याने पुसत राहिले आणि त्या दिवशी त्यांनी सगळ्या आळीला ताक पाजलं. तुमच्याशिवाय हे झालं नसतं, असं मी तुम्हाला तेव्हा म्हणायला हवं होतं. मी फोटो काढण्यात होते.

मग ती दुपार आली. दुरुस्तीचा निधी मिळवण्यासाठी प्रत्येक घराचा पाहणी तक्ता भरायचा होता. त्यात एक रकाना होता, 'इमारतीची सद्यस्थिती', आणि त्यापुढे चांगली, नादुरुस्त, धोकादायक यांपैकी एक लिहायचं. योजनेच्या ऑफिसातले एक साहेब चहा पिता पिता मला म्हणाले होते, "मॅडम, नादुरुस्त लिहिलंत तर फाईल खाली राहील. धोकादायक लिहा, पहिल्या यादीत येईल." त्यांनी ते वाईट हेतूने सांगितलं असं मला आजही वाटत नाही. मी नऊ घरं निवडली आणि तुमच्यासमोर तक्ते ठेवले.

तुम्ही पेन उचललं नाही. "नादुरुस्त लिहू," म्हणालात. "नादुरुस्त म्हणजे दुरुस्त करता येतं. धोकादायक म्हणजे धोका, आणि धोका कोणी दुरुस्त करत नाही, हटवतात."

"चाचा, हा नुसता शब्द आहे. निधी लवकर मिळावा म्हणून."

"कचेरीत शब्दाचा अर्थ बघत नाहीत बेटी. शब्दाखाली कुठलं कलम बसतं ते बघतात."

"तुमच्या वेळची कचेरी गेली. आता सगळं ऑनलाइन आहे."

"ऑनलाइनमध्ये शब्दाखालचं कलम बदलतं?" तुम्ही विचारलंत, आणि मग चष्मा काढून म्हणालात, "घरं आतून बघितलीस?"

"बाहेरून दिसतंय की सगळं," मी म्हणाले. नऊपैकी तीन घरांत मी पाय ठेवला होता, तोही पुढच्या खोलीपुरता. उरलेल्या सहांच्या दारात उभी राहून फोटो काढले होते.

"मग तूच लिही," तुम्ही म्हणालात. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तुमचं अक्षर बघून साहेब खूश होतात, असं मी लाडात येऊन म्हणाले. तरी तुम्ही बधेनात, तेव्हा माझा तोल गेला. तुमच्यासारख्या लोकांमुळेच ही आळी कुजत पडली, असं मी बोलले. ते वाक्य मी तुमच्याकडून कधी परत घेतलं नाही. तुम्ही पेन उचललंत आणि वळणदार अक्षरात नऊ वेळा 'धोकादायक' लिहिलंत. पेनाला टोपण लावलंत आणि चहा न घेता आत गेलात. मी खुशीत होते, त्यामुळे ते मला लागलंही नाही.

आठ महिन्यांनी एका सकाळी नऊ घरांच्या दारांशेजारी लाल रंगात आकडे रंगवलेले दिसले. लोकांना वाटलं, काम सुरू झालं. मला फोन आले, आणि मीही छातीठोकपणे सांगितलं, "हो हो, कामाचेच आकडे आहेत." एका घरातल्यांनी तर आकड्याशेजारी उभं राहून फोटो काढले. त्याच आठवड्यात नोटिसा चिकटल्या. इमारत धोकादायक असल्याने तिचा वापर बंद करावा, ती रिकामी करावी, न केल्यास वीज आणि पाणी तोडण्यात येईल. दुरुस्तीचं त्यात अक्षरही नव्हतं. मी ऑफिसात गेले तर ते साहेब बदलून गेले होते, आणि नव्या बाईंनी शांतपणे माझ्यासमोर आपलाच तक्ता ठेवला. "तुमच्याच समितीने कळवलंय, मॅडम."

तक्त्यांच्या प्रती आळीत पोचायला दोन दिवस लागले. तुमचं अक्षर कोणाला ओळखू येणार नव्हतं? त्याच अक्षरात त्यांची रेशनकार्डं झाली, मुलांची शाळेतली नावं सुधारली गेली, यमुनाबाईचा नवरा होडीसकट बेपत्ता झाला तेव्हाचा अर्जही त्याच अक्षरात गेला होता. ती कागद हातात घेऊन तुमच्या ओट्यापाशी आली, आणि तिच्यामागे अख्खी आळी.

"चाचा, ह्यो तुमचा हात हाय का नाय?"

"हाय," तुम्ही तिच्याच बोलीत म्हणालात.

"आमचं घर धोक्याचं हाय, आसं तुमी लिवलं?"

"मीच लिवलं."

मी तुमच्यापासून हातभर अंतरावर उभी होते, चाचा. शब्द माझा आहे, एवढं सांगायला मला एक श्वास पुरला असता. समन्वयकावरचा विश्वास उडाला तर आळीच्या बाजूने ऑफिसात जाणार कोण, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण एवढंच, की मी घाबरले. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर मी कदाचित बोलले असते, आणि म्हणूनच तुम्ही बघितलं नसावं.

लोक पांगल्यावर मी म्हणाले, "उद्या सगळ्यांना सांगते." तुम्ही सुतळीची गाठ सोडवत होतात. "उद्या नको. आत्ता ते तुझ्यामागे ऑफिसात येतील, माझ्यामागे येणार नाहीत. आधी घरं वाचव, मग बोल." मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, सोयीचं होतं.

त्यानंतर तुमच्या ओट्यावर कोणी बसेना. आळीत मात्र नवीन माणसं दिसायला लागली. एक पांढरी गाडी आठवड्यातून दोनदा यायची. त्यातून उतरणारे लोक कोणाशी भांडत नसत. नमस्कार करायचे, मुलांच्या शाळेची चौकशी करायचे, आणि बोलता बोलता घराचं क्षेत्रफळ सांगायचे, जे घरात राहणाऱ्यालाही माहीत नसायचं. जागेचे भाव चढवणाऱ्या नव्या विमानतळाचं नाव निघालं की नुसते हसायचे. कोपऱ्यावरच्या गोदामात राहणारं आगरी कुटुंब सगळ्यांत आधी घाबरलं आणि गव्हाणकडे उलव्यात भाड्याच्या घरात गेलं. चार महिन्यांत परत येऊ, असं सांगून गेले. आठ दिवसांत त्या गोदामाचा दरवाजा नाहीसा झाला, मग खिडक्या, मग कौलं. कोणी नेलं ते कोणीच बघितलं नाही. आता नुसत्या चौकटीशेजारी तो लाल आकडा उरला आहे.

तुम्ही तेव्हा एकट्याने हरकतीचे अर्ज लिहायला घेतलेत, हे मला माहीत होतं. घरोघर जायचात. दार उघडत नसे, तेव्हा अर्ज उंबऱ्यावर दगडाखाली ठेवून यायचात. सह्या होत नव्हत्या. तुमच्या हातचा कागद घ्यायला लोक भीत होते. मी हे सगळं बघत होते आणि सोबत ऑफिसच्या चकरा मारत होते, आणि दर चकरेला मला वाटायचं की अजून थोडं काम पुढे सरकू दे, मग बोलू.

तुम्ही जेवून उठताना पडलात. सगळी आळी जिला भाभी म्हणते त्या तुमच्या बायकोने पाणी आणेपर्यंत संपलं होतं. मय्यतीला आळी आली, येणारच, पनवेल आहे हे. पण तुमच्या बाजूला सावली असताना लोक समोरच्या बाजूला उन्हात उभे राहिले. यमुनाबाई आली, डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली, पण ओटा चढली नाही. भाभी हे सगळं आतून बघत होत्या.

मला तुमचा रागही येतो, हे सांगितल्याशिवाय हे लिहिणं खोटं होईल. तुम्हाला कळत होतं तर लिहिलंत कशाला? चाळीस वर्षं अर्ज लिहिलेल्या माणसाने माझ्यासारख्या उतावळ्या बाईच्या एका टोमण्यावर पेन उचलावं? तक्ता फाडून टाकायचा होता. मला हाकलून द्यायचं होतं. लहानपणी बोरं चोरली म्हणून तुम्ही माझा कान पिळला होता, आठवतं? तसा पिळायचा होता. तुमच्या चांगुलपणाने मला वाचवलं आणि नऊ घरांना वाचवलं नाही. हे भांडण मला तुमच्याशी समोरासमोर बसून करायचं आहे आणि आता ते होणार नाही.

मागच्या रविवारी भाभींनी मला बोलावलं आणि तुमची खाकी फाईल हातात दिली. "ते म्हणाले होते, मंजूला द्या," एवढंच बोलल्या. त्यांना शब्दाचं ठाऊक आहे का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. फाईलमध्ये आठ घरांचे आठ अर्ज होते, कोपऱ्यावरच्या गोदामाचासुद्धा, स्वच्छ लिहिलेले. प्रत्येकात एक वाक्य होतं, 'सदर नोंद प्रत्यक्ष आतून पाहणी न करता झालेली आहे, तरी ती रद्द करून नादुरुस्त अशी करावी.' माझं नाव कुठेही नव्हतं. नववा कागद यमुनाबाईच्या घराचा. त्यावर तिचं नाव, पत्ता आणि विषय, आणि खाली पूर्ण कोरा. वेळ मिळाला नसेल, असं मला वाटलं. मग आठव्या अर्जाखालची तारीख बघितली. ती तुमच्या जाण्याच्या तीन आठवडे आधीची होती. तीन आठवड्यांत तुम्ही तो एक कागद का पुरा केला नाही?

काल सकाळी मी आळीत गेले आणि बोलले. पाट्यांच्या रांगेत, सगळ्या बायकांच्या देखत, यमुनाबाईसमोर उकिडवी बसून सांगितलं की शब्द माझा होता, चाचा नको म्हणत होते, आणि तुझं घर मी आतून बघितलंच नव्हतं. बोंबलांची जुडी बांधता बांधता तिचे हात थांबले. ती शिव्या देईल असं मला वाटलं होतं. शेजारणीने दिल्याही.

"मंग तवा का नाय बोललीस?" यमुनाबाईने विचारलं. "म्हातारा मरंस्तवर आमी त्याच्या दारात पाय नाय ठेवला."

 मी रडले, आणि माझं रडणं त्या बायकांनी तसंच राहू दिलं, कोणी डोळे पुसायला आलं नाही. जुडी बाजूला ठेवून यमुनाबाई उठली. "चल, आत ये. आता तरी बघ."

घर लांबट आणि अंधारं आहे. मागच्या खोलीत जाळी आणि टोपल्या भिंतीला टांगलेल्या होत्या. तिने त्या एकेक करून खाली घेतल्या. मागची भिंत खोलीच्या आत आलेली आहे, चाचा. गवंडी म्हणतात तसं भिंतीला पोट आलं आहे, आणि वरच्या वाशाचं टोक भिंतीतून सुटून हवेत आहे. मी हात लावला तर चुना ओल्या पिठासारखा बोटांना आला. तेवढ्यात मागच्या रस्त्याने एक अवजड गाडी गेली आणि फटीतून माती सांडली. यमुनाबाईने पायानेच ती एका बाजूला सारली. रोजची सवय दिसली.

"चाचा आलेला," ती म्हणाली. "जायच्या आदी पंदरा-वीस दिस. मी दार उगडनार नव्हते, पन सून बोलली, येऊ दे. त्यानं असाच हात लावला आन उभा रायला. काय बोलला नाय. पानी पन नाय पिला."

तेव्हा मला कोऱ्या कागदाचा अर्थ लागला. मी न बघता लिहायला लावलेला शब्द या एका घरापुरता खरा होता. तुम्ही बघितलंत, आणि बघितल्यावर तुम्हाला खोटं लिहवेना आणि खरंही लिहवेना. हे तुम्ही कोणाला सांगणार होतात? मला सांगायला हवं होतं. मी रोज तुमच्या समोरून जात होते.

"इथे झोपू नका," मी यमुनाबाईला म्हणाले. "आजपासून ही खोली बंद करा. निदान मुलांना नातेवाइकांकडे पाठवा."

"आन आमी भायेर पडलो की? त्या कोपऱ्याच्या गोदामाचं काय झालं ते तू बगितलंस. पांढरी गाडी कालच यून गेली. घरात मानसं हायेत म्हून घर हाय." पुढची खोली तिने दाखवली. तिथे शिवणयंत्र, गॅस आणि सुकटीची पोती. सहा जणांना अंथरूण घालायला जागा मागेच आहे.

टेकू लावून देते म्हणाले, तर नोटीस लागलेल्या घराला हात लावायचा तरी परवानगी लागते, आणि त्या परवानगीच्या अर्जातही सद्यस्थितीचा तोच रकाना आहे. परवा सोमवारी नोटिसांवर सुनावणी आहे. आठ अर्जांवर आता सह्या होतील, कारण पाहणी मी केली नव्हती हे मी सहीनिशी लिहून देणार आहे. माझ्या पाटीचं काय व्हायचं ते होवो. नववा अर्ज मी पुढे केला, तेव्हा यमुनाबाईने तो हातात घेतला नाही. नादुरुस्त लिहिलं तर ती इथेच राहील, आणि ती भिंत किती दिवस उभी राहील हे मला सांगता येत नाही. धोकादायक लिहिलं तर ती जाईल, आणि परत येणार नाही.

"आता तं आतून बगितलंस ना?" तिने विचारलं. "मंग सांग, काय लिवशील?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. माझ्या हातात पेन होतं, आणि तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी विचार करून सांगते म्हणाले आणि तिथून निघाले. चाचा, अर्ज माझ्यासमोर टेबलावर आहे. त्या भिंतीला डोकं करून आज सहा माणसं झोपतील, आणि मी अजून काहीही लिहिलेलं नाही.